एक नाव, अनेक माणसं: ग्रीक आणि आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांतला नेमका माणूस ओळखायचा कसा

"डायोनिसियसच्या मते…" असं वाक्य अनुवाद करताना, लेख लिहिताना किंवा बायबल अभ्यासवर्गाची टिपणं काढताना समोर येतं. हा डायोनिसियस कोणता? सिराक्यूजचा हुकूमशहा, हॅलिकार्नाससचा इतिहासकार, थ्रॅक्स म्हणून ओळखला जाणारा व्याकरणकार, अथेन्समध्ये पौलाचं भाषण ऐकून विश्वास धरणारा अरीयपग या तिथल्या न्यायसभेचा सदस्य, करिंथचा बिशप, अलेक्झांड्रियाचा बिशप, रोमचा बिशप, पॅरिसचा हुतात्मा, की ख्रिस्ती सनाची गणना मांडणारा मठवासी? यांतला पहिला आणि शेवटचा यांच्यामध्ये नऊशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. माणूस चुकला की शतक चुकतं, शतक चुकलं की वाद कोणाशी चालला होता तेही चुकतं, आणि पुढची सगळी टिपणं वाकड्या पायावर उभी राहतात.

हा घोळ प्राचीनांनाही छळत होता. इ.स.पू. पहिल्या शतकात मॅग्नेशियाच्या डेमेट्रियसने समनामी कवी आणि लेखक यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. तो आज उपलब्ध नाही, पण डायोजेनिस लेर्शियसने तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिताना त्याचा भरपूर वापर केला. म्हणून त्याच्या अनेक प्रकरणांच्या शेवटी समनामींची यादी सापडते: झेनो आठ, थिओडोरस वीस, डेमेट्रियस वीस. पुढची पद्धत त्याच परंपरेतली आहे. नवख्या वाचकाला, विद्यार्थ्याला किंवा अनुवादकाला ती पहिल्या दिवसापासून वापरता येईल.

हाताशी काय ठेवायचं

- एक वही किंवा स्प्रेडशीट. रकाने सात: नाव, वडील, गाव, शतक, काम किंवा पद, ग्रंथ, आणि "ही माहिती कोण सांगतो".
- पूर्व भूमध्य प्रदेशाचा प्राचीन गावं दाखवणारा नकाशा.
- संदर्भ दिलेलं मराठी बायबल, आणि शक्य असेल तर सोबत एक इंग्रजी आवृत्ती.
- विश्वकोशातला किंवा ग्रंथालयाच्या सूचीतला त्या नावाचा "निःसंदिग्धीकरण" विभाग, म्हणजे एका नावाचे सगळे लोक एकत्र दाखवणारं पान.

सातव्या रकान्यावाचून बाकीचे सहा निरुपयोगी आहेत. का, ते सहाव्या पायरीत दिसेल.

१. नाव उलगडा: वडील आणि गाव

ग्रीकांना आडनाव नव्हतं. माणसाचं एकच नाव, त्यामागे वडिलांचं नाव आणि त्यानंतर गाव. अथेन्समध्ये इ.स.पू. ५०८–०७ च्या क्लेइस्थेनिसच्या सुधारणांनंतर गावाच्या जागी "डीम" हा वस्तीचा घटक आला. असे १३९ डीम होते. सॉक्रेटिसची पूर्ण ओळख म्हणजे "सोफ्रोनिस्कसचा मुलगा सॉक्रेटिस, अलोपेके डीमचा". मधे वडिलांचं नाव आणि शेवटी गावावरून आलेलं "-कर" वापरणाऱ्या मराठी माणसाला ही रचना लगेच कळते. मात्र आपलं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, ग्रीकांमध्ये असा टिकाऊ भाग नव्हता.

ही रचना दगडात कोरलेली पाहायची असेल तर मध्य प्रदेशात विदिशाजवळच्या बेसनगरला जा. तिथल्या गरुडस्तंभावरच्या ब्राह्मी लेखात स्तंभ उभारणारा स्वतःची ओळख देतो: हेलिओदोर, भागवत, दियाचा म्हणजे डिऑनचा पुत्र, तक्षशिलेचा, यवनदूत, महाराज अंतलिकिताकडून राजा भागभद्राकडे आलेला. नाव, श्रद्धा, वडील, गाव, पद, पाठवणारा राजा आणि ज्याच्याकडे आला तो राजा. इतकं सगळं एका ओळखीत. एवढी माहिती असल्यावर हा हेलिओडोरस, सीरियाच्या सेल्युकिड राजाचा मंत्री हेलिओडोरस आणि इथिओपियाच्या राजकन्येची कादंबरी लिहिणारा एमेसाचा हेलिओडोरस यांची गल्लत व्हायचं कारणच उरत नाही. कादंबरीकारही ग्रंथाच्या शेवटी स्वतःला एमेसाचा फिनिशियन आणि थिओडोसियसचा मुलगा म्हणवतो. ग्रंथ हातात आला की पहिल्याआधी शेवटचं पान वाचा. कित्येक लेखक आपली ओळख तिथेच देतात.

फसगत: नातवाला आजोबांचं नाव. ही ग्रीक घराण्यांची आवडती रीत होती. अथेन्सच्या एका श्रीमंत घराण्यात कॅलियस आणि हिप्पोनिकस ही दोनच नावं पिढ्यान्‌पिढ्या आळीपाळीने येतात. पेरिक्लिसचे वडील झँथिपस आणि थोरला मुलगाही झँथिपस. शिवाय पेरिक्लिसच्याच नावाचा दुसरा मुलगा सेनापती झाला आणि इ.स.पू. ४०६ मध्ये अर्गिन्युसीच्या लढाईनंतर त्याला देहदंड झाला. अशा ठिकाणी गाव उपयोगाचं नाही, कारण गाव एकच. वडिलांचं नाव आणि वर्ष या दोनच गोष्टी माणसं वेगळी करतात.

वडिलांच्या नावाने सुटणारं नेहमीचं उदाहरण थ्युसिडिडीसचं. ओलोरसचा मुलगा तो इतिहासकार. मेलेसियसचा मुलगा तो पेरिक्लिसचा राजकीय विरोधक, ज्याला इ.स.पू. ४४३ च्या सुमारास नगराबाहेर घालवलं. दोघे एकाच अथेन्सचे, एकाच शतकातले. "पेरिक्लिसला विरोध करणारा थ्युसिडिडीस" वाचून इतिहासकाराच्या नावावर टीप टाकणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

२. शतक पक्कं करा

इ.स.पू. चे आकडे उलटे चालतात: पाचवं शतक म्हणजे ५०० ते ४०१. शून्य वर्ष नसल्यामुळे इ.स.पू. ५ ते इ.स. ५ हे अंतर नऊच वर्षांचं. अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात सुरू व्हायचं, म्हणून तिथलं एकच वर्ष आपल्या दोन वर्षांवर पसरतं आणि "५०८–०७" असं जोडून लिहिलं जातं. ऑलिंपियाड इ.स.पू. ७७६ पासून मोजलेला चार वर्षांचा काळ.

जन्मवर्षाच्या जागी प्राचीन लेखक पुष्कळदा "उत्कर्षाचं वर्ष" देतात. कालगणना लिहिणारा अथेन्सचा अपोलोडोरस हा उत्कर्ष साधारण चाळिसाव्या वर्षी धरत असे. उत्कर्षाचं वर्ष जन्माच्या रकान्यात लिहिलं तर माणूस चाळीस वर्षांनी तरुण होतो आणि गुरू-शिष्यांचा क्रम उलटतो. (मिथ्यकथांचा प्रसिद्ध संग्रह याच अपोलोडोरसच्या नावावर चालत आला, पण तो नंतरच्या काळातल्या दुसऱ्या लेखकाचा आहे. ट्राजन सम्राटाचा वास्तुविशारद दमास्कसचा अपोलोडोरस हा तिसरा.)

शतक कळलं की अर्धे घोळ तिथेच मिटतात. एलियाचा झेनो इ.स.पू. पाचव्या शतकातला, अकिलीस आणि कासवाच्या कोड्याचा कर्ता. सायप्रसमधल्या सिटियमचा झेनो (सुमारे इ.स.पू. ३३४–२६२) स्टोइक या तत्त्वज्ञान-पंथाचा संस्थापक. सिडॉनचा झेनो इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत जगलेला, एपिक्युरसच्या पंथाचा तत्त्वज्ञ. इ.स. ४७४–४९१ मधला झेनो बायझंटाइन सम्राट. "झेनो आणि स्टोइक" वाचल्यावर हात सिटियमकडे जायला हवा, एलियाकडे नाही.

टॉलेमीचंही तसंच. इजिप्तचं टॉलेमी राजघराणं इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्रासोबत संपलं. खगोलज्ञ क्लॉडियस टॉलेमी इ.स. दुसऱ्या शतकातला. दोघांचा संबंध अलेक्झांड्रियाशी, म्हणून मध्ययुगात खगोलज्ञाला राजा समजलं गेलं. व्हॅटिकनमधल्या राफाएलच्या अथेन्सच्या विद्यापीठाच्या चित्रात पृथ्वीचा गोल हातात धरलेल्या टॉलेमीच्या डोक्यावर मुकुट आहे तो याच गैरसमजातून.

साधा नियम: ज्याचा उल्लेख झाला तो उल्लेख करणाऱ्याच्या नंतरचा असू शकत नाही. ही सर्वांत स्वस्त चाचणी, आणि सर्वांत जास्त वेळा विसरली जाणारी.

३. गाव पक्कं करा, मग ते गाव कुठलं ते पाहा

"सीझरियाचा बिशप" हे उत्तर अपुरं आहे. पॅलेस्टाइनमधल्या सीझरियाचा युसेबियस, तर कॅपाडोशियातल्या सीझरियाचा बेसिल. अँटिऑक सीरियात आहे तसंच पिसिदियातही आहे, आणि पौल दोन्हीकडे गेला. लाओडिसिया, सेल्युशिया, हेराक्लिया, अलेक्झांड्रिया ही नावं तर राजांनी आणि वसाहतकारांनी ठिकठिकाणी वाटली. प्रांताचं नाव जोडल्याशिवाय गावाचा रकाना पूर्ण झाला असं मानू नका.

गाव आणि माणूस यांचं नातंही चार प्रकारचं असतं: जन्मगाव, कर्मगाव, बिशपचं पीठ आणि नुसतं टोपणनाव. "बाबिलोनी" म्हणवला जाणारा स्टोइक डायोजेनिस तैग्रिसकाठच्या सेल्युशियाचा होता. हॅलिकार्नाससचा डायोनिसियस लिहीत होता रोममध्ये. ऱ्होड्सचा अपोलोनियस अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. वहीत गावापुढे हे नातं एका शब्दात लिहा.

फसगत एक: जवळपासची नावं. वैद्यकाचा हिपोक्रेटिस कॉस बेटाचा. चंद्रकोरीचं क्षेत्रफळ काढणारा गणिती हिपोक्रेटिस किऑस बेटाचा. दोघे इ.स.पू. पाचव्या शतकातले, दोन्ही बेटं एजियन समुद्रात. भराभर वाचताना डोळा हमखास चुकतो.

फसगत दोन: गाव आणि नाव दोन्ही एकच. सायरीनचा थिओडोरस गणिती होता. प्लेटोच्या संवादात तो थिएटेटसचा शिक्षक म्हणून येतो. सायरीनचाच दुसरा थिओडोरस शंभरेक वर्षांनंतरचा, देव नाकारणारा म्हणून प्रसिद्ध झालेला तत्त्वज्ञ. याच सायरीनमध्ये अरिस्टिपस हा सॉक्रेटिसचा सोबती आणि त्याचा नातूही अरिस्टिपसच. नातवाला त्याची आई अरेटी हिने शिकवलं, म्हणून त्याला "आईने शिकवलेला" असं उपनाम मिळालं. हे उपनाम वगळलंत तर एका पंथाच्या दोन पिढ्या एकात मिसळतात.

फसगत तीन: गावच चुकीचं चिकटलेलं. भूमितीकार युक्लिड इ.स.पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात होता. मेगाराचा युक्लिड त्याच्या कितीतरी आधीचा, सॉक्रेटिसचा शिष्य. तरीही छापील आवृत्त्यांवर शतकभर भूमितीकाराला मेगाराचा म्हटलं गेलं. १५७० च्या पहिल्या इंग्रजी भाषांतराच्या मुखपृष्ठावर "मेगाराचा युक्लिड" असंच आहे. म्हणून जुन्या आवृत्तीचं मुखपृष्ठ हा पुरावा धरू नका.

४. काम आणि ग्रंथ जुळवा

शतक आणि शहर दोन्ही जुळतात तेव्हा ग्रंथच निवाडा करतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाशी संबंध असलेले दोन अपोलोनियस आहेत. ऱ्होड्सच्या अपोलोनियसने जेसनच्या सोनेरी लोकरीच्या मोहिमेचं महाकाव्य लिहिलं. पर्गाच्या अपोलोनियसने शंकुछेदांवर आठ पुस्तकं लिहिली. त्यांतली पहिली चार ग्रीकमध्ये आणि पुढची तीन अरबी भाषांतरात टिकली, आठवं हरवलं. पुढे त्यानाचा अपोलोनियस इ.स. पहिल्या शतकातला, पायथागोरसच्या पंथाचा फिरता तत्त्वज्ञ, आणि डिस्कोलस हा दुसऱ्या शतकातला व्याकरणकार. "अपोलोनियसने सिद्ध केलं" असेल तर पर्गा, "अपोलोनियसने गायलं" असेल तर ऱ्होड्स, "अपोलोनियसने रोगी बरा केला" असेल तर त्याना.

मिनँडरकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावं. मिलिंद हे आपल्याकडचं रुळलेलं नाव बौद्ध परंपरेतल्या ज्या राजा मिलिंदावरून आलं, तो इ.स.पू. दुसऱ्या शतकातला इंडो-ग्रीक राजा मिनँडर. अथेन्सचा सुखात्मिका लिहिणारा मिनँडर त्याच्या दीडेकशे वर्षं आधीचा. "कुसंगतीने नीती बिघडते" ही करिंथकरांस पहिल्या पत्रातली (१५:३३) ओळ नाटककाराची मानली जाते, राजाची नव्हे. तिसरा मिनँडर शोमरोनचा (समारियाचा) ज्ञानवादी, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती सांगणाऱ्या पंथाचा, जादूगार शिमोनाचा शिष्य म्हणून चर्चच्या लेखकांनी नोंदलेला.

५. नव्या करारातली नावं: इथे सर्वांत सावकाश चाला

पहिल्या शतकातल्या यहूद्यांमध्ये मोजकीच नावं अतिशय प्रचलित होती, त्यामुळे गर्दी दाट आहे. लेखक स्वतः वेगळेपण दाखवतात, ते वाचायची सवय लावा. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्य या रोमी शताधिपतीला सांगितलं जातं: यापोला माणसं पाठव, पेत्र म्हटलेल्या शिमोनाला बोलाव, तो कातडी कमावणाऱ्या दुसऱ्या शिमोनाकडे उतरला आहे आणि त्याचं घर समुद्राकाठी आहे. उपनाम, धंदा आणि घराचा ठावठिकाणा. तुमच्या वहीतले रकाने तिथे आयते भरलेले मिळतात.

त्याच पुस्तकात हनन्या तीन आहेत: पाचव्या अध्यायात सप्पीरेचा नवरा, नवव्यात दिमिष्कात (दमास्कसमध्ये) शौलावर, म्हणजे पुढच्या पौलावर, हात ठेवणारा शिष्य, तेविसाव्यात पौलाच्या तोंडात मारायला सांगणारा मुख्य याजक. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही.

हेरोद हे एका घराण्याचं नाव समजून चाला. थोरला हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवणारा हेरोद अंतिपा. जब्दीचा मुलगा याकोब याला तरवारीने मारणारा हेरोद अग्रिप्पा पहिला, मृत्यू इ.स. ४४. पौलाचं म्हणणं ऐकणारा अग्रिप्पा दुसरा.

याकोबही निदान तीन: जब्दीचा, अल्फीचा, आणि "प्रभूचा भाऊ" म्हटलेला जेरुसलेमच्या मंडळीचा पुढारी, ज्याच्या इ.स. ६२ मधल्या वधाची हकिगत इतिहासकार योसेफस देतो. प्रेषितांच्या कृत्यांत बाराव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात एक याकोब मारला जातो आणि सतराव्या वचनात पेत्र "हे याकोबाला सांगा" म्हणतो. हा दुसरा म्हणजे प्रभूचा भाऊ. पंधरा वचनांत माणूस बदलतो.

फिलिप्प दोन. बारा प्रेषितांपैकी एक, आणि सात सेवकांपैकी सुवार्तिक, जो कैसरीयात (सीझरियात) चार मुलींसह राहत होता. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इफिसच्या पॉलिक्रेटिसने प्रेषित फिलिप्प मुलींसह हायरापोलिसला पुरला असल्याचं लिहिलं. तेव्हापासून कोणाच्या मुली कोणत्या, हा गुंता चालूच आहे. अशा वेळी वहीत "कोण सांगतो" या रकान्यात दोन्ही नावं स्वतंत्र ओळींत ठेवा, जुळवाजुळव करू नका.

मरीयांच्या बाबतीत जुळवाजुळवीनेच घात केला. मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया आणि लूकच्या सातव्या अध्यायातली निनावी पापी स्त्री या तिघींना पोप ग्रेगरी पहिला याने ५९१ च्या एका प्रवचनात एकच ठरवलं. पश्चिमेकडच्या चित्रांत आणि प्रवचनांत तीच प्रतिमा रुजली. पूर्वेकडच्या चर्चने तिघींना वेगळंच मानलं. १९६९ मध्ये रोमन पंचांग सुधारताना पश्चिमेनेही हा घोळ काढला. एका शुभवर्तमानात नसलेला तपशील दुसऱ्यातून उचलताना माणूस तोच आहे ना, हे दर वेळी तपासा. जिला नावच दिलेलं नाही तिला नाव देऊ नका.

योहानांबद्दल प्राचीन काळातला सर्वांत सुंदर तर्क अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसचा आहे, आणि तो युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात सातव्या पुस्तकात जपला गेला. तिसऱ्या शतकातला हा बिशप विचारतो: प्रकटीकरण लिहिणारा योहान आणि शुभवर्तमानाचा योहान एकच का? तो शब्दसंपदा, विचारांची मांडणी आणि ग्रीक व्याकरणाची शुद्धता तुलनेला घेतो आणि दोन्ही लेखक वेगळे ठरवतो. एका नावाची माणसं इतकी का, याचं कारणही तो देतो: योहानावरच्या प्रेमापोटी अनेकांनी त्याचं नाव घेतलं, जशी विश्वासणारे आपल्या मुलांना पौल आणि पेत्र अशी नावं ठेवतात. इफिसमध्ये योहानाच्या नावाच्या दोन कबरी असल्याचंही तो नोंदवतो. शैलीवरून लेखक ओळखायची ही रीत आजही तीच आहे.

संतांच्या बाबतीत सणाची तारीख फार कामाला येते. गोव्यातला सांजांव २४ जूनचा, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. प्रेषित योहानाचा दिवस पाश्चात्त्य पंचांगात २७ डिसेंबर. तारीख पाहिली की योहान ठरला.

६. एका डायोनिसियसची पूर्ण तपासणी

आता सगळ्या पायऱ्या एका प्रकरणावर लावू. चार ग्रंथ आणि दहा पत्रं "डायोनिसियस अरीयपगकर" या नावाने येतात: ईश्वरी नावं, गूढ ईशज्ञान, स्वर्गीय श्रेणी, चर्चमधल्या श्रेणी. लेखक स्वतःला प्रेषितांच्या कृत्यांतल्या १७:३४ मधला पौलशिष्य म्हणून पुढे करतो.

शतकाची चाचणी: पहिल्या शतकात लिहिलेले ग्रंथ पुढच्या चारशे वर्षांत कोणीच उद्धृत करत नाही. ते पुढे येतात सहाव्या शतकाच्या आरंभी. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या वादसभेत त्यांचा आधार दिला गेला, तेव्हा इफिसच्या हायपेशियसने तिथेच शंका घेतली: हे खरे असते तर आधीच्या चर्चपित्यांना (चर्चने प्रमाण मानलेल्या आरंभीच्या लेखकांना) माहीत नसते का?

ग्रंथाची चाचणी: १८९५ मध्ये ह्यूगो कोख आणि योझेफ श्टिग्लमायर या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की वाईटाच्या स्वरूपावरचा मजकूर प्रोक्लस या नवप्लेटोवादी तत्त्वज्ञावर बेतलेला आहे. प्रोक्लस वारला ४८५ मध्ये. म्हणजे लेखक इ.स. ५०० च्या आसपासचा. त्याचं खरं नाव कळलेलं नाही, म्हणून त्याला स्यूडो-डायोनिसियस म्हणायचं.

गावाची चाचणी: ८२७ मध्ये बायझंटाइन सम्राट मायकेल दुसरा याने या ग्रंथांचं हस्तलिखित फ्रँक सम्राट लुई याला भेट दिलं. ते पॅरिसजवळच्या सँ-देनी मठात गेलं. तो मठ तिसऱ्या शतकातला हुतात्मा पॅरिसचा डायोनिसियस, म्हणजे देनी, याचा. तिथल्या हिल्दुआँ या मठाधिपतीने अथेन्सचा, पॅरिसचा आणि ग्रंथकार असे तिघे एक करून चरित्र लिहिलं. बाराव्या शतकात याच मठात राहणाऱ्या अबेलार या तत्त्वज्ञाने बीड (Bede) या आठव्या शतकातल्या इंग्लिश मठवासी इतिहासकाराचा एक उतारा दाखवला, त्यात अरीयपगकर करिंथचा बिशप असल्याचं म्हटलं होतं. मठात गदारोळ झाला. आता बीडची चूक कुठून आली ते पाहा: करिंथचा बिशप डायोनिसियस (इ.स. १७० च्या सुमारास) याने पत्रात लिहिलं होतं की अरीयपगकर अथेन्सचा पहिला बिशप झाला. सांगणारा आणि ज्याच्याबद्दल सांगितलं तो, दोघांचं नाव एकच! सातवा रकाना ठेवायचा तो यासाठी.

हिशेब असा: पहिल्या शतकातला अथेन्सचा, तिसऱ्या शतकातला पॅरिसचा, ५०० च्या आसपासचा अनाम ग्रंथकार. सणही वेगळे, पूर्वेकडे अरीयपगकराचा ३ ऑक्टोबर, पश्चिमेकडे देनीचा ९ ऑक्टोबर. ५२५ मध्ये पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, तक्त्यासाठी ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजणारा डायोनिसियस एक्सिगुअस हा चौथा. ग्रंथकाराच्या काळाजवळचा असला तरी वेगळा.

७. चर्चपित्यांच्या जोड्या

*युसेबियस.* सीझरियाचा युसेबियस (मृत्यू ३३९ च्या सुमारास) चर्चचा इतिहास आणि कॉन्स्टंटाइनचं चरित्र लिहितो. निकोमीडियाचा युसेबियस हा ख्रिस्ताचं पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या एरियसचा पाठीराखा, आणि ३३७ मध्ये मरणशय्येवरच्या कॉन्स्टंटाइनला बाप्तिस्मा देतो तो हा. दोघेही ३२५ च्या निकियाच्या परिषदेत होते, दोघांचाही सम्राटाशी संबंध. नुसतं "कॉन्स्टंटाइनचा युसेबियस" लिहिलंत तर वाचकाला काहीच कळणार नाही.

*ग्रेगरी.* नाझियान्झसचा ग्रेगरी आणि निस्साचा ग्रेगरी हे चौथ्या शतकातले, दोघे कॅपाडोशियाचे, दोघांचा बेसिलशी जवळचा संबंध: पहिला मित्र, दुसरा धाकटा भाऊ. पहिल्याचे वडीलही ग्रेगरी आणि तेही नाझियान्झसचे बिशप. बेसिलच्या घरी आजी मॅक्रिना आणि बहीणही मॅक्रिना. या कुटुंबाची वंशावळ कागदावर काढल्याशिवाय चौथ्या शतकावर लिहायला बसू नका.

*क्लेमेंट.* रोमचा क्लेमेंट पहिल्या शतकाच्या शेवटी करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो. "दुसरं पत्र" त्याच्या नावावर असलं तरी त्याचं नाही. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट शंभर वर्षांनंतरचा, पूर्ण नाव टायटस फ्लेव्हियस क्लेमेन्स. हेच पूर्ण नाव इ.स. ९५ च्या कॉन्सुलचं, ज्याला डोमिशियनने मारवलं.

*सिरिल.* जेरुसलेमचा चौथ्या शतकातला, बाप्तिस्म्याच्या उमेदवारांपुढच्या व्याख्यानांसाठी प्रसिद्ध. अलेक्झांड्रियाचा (बिशप ४१२–४४४) इफिसच्या चर्चपरिषदेत पुढाकार घेणारा. स्लाव्हांचा सिरिल नवव्या शतकातला.

*सॉक्रेटिस.* पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये चर्चचा इतिहास लिहिणाराही एक सॉक्रेटिस आहे. "सॉक्रेटिसने निकियाबद्दल लिहिलं" हे वाक्य बरोबर असू शकतं.

८. निर्णय लागत नसेल तर तसंच लिहा

काही प्रकरणं अभ्यासकांमध्येच मिटलेली नाहीत. अलेक्झांड्रियात अमोनियस या तत्त्वज्ञाजवळ शिकलेला ओरिजेन हा ख्रिस्ती ओरिजेनच (सुमारे १८५–२५३), की नवप्लेटोवादी प्लोटिनसचा सहाध्यायी असलेला वेगळा प्लेटोवादी? प्लोटिनसचा शिष्य पोर्फिरी दोन ठिकाणी दोन संदर्भांत हे नाव घेतो. बहुतेक अभ्यासक दोन ओरिजेन मानतात, काही एकच. कादंबरीकार हेलिओडोरस पुढे थेसलीत ट्रिकाचा बिशप झाला, असं वर उल्लेखलेला चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो. कादंबरीकार स्वतः त्यातलं काही सांगत नाही. अशा वेळी "अमुक म्हणतो की" लिहून दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा. दोन नोंदी पुढे एक करणं सोपं असतं. एक झालेल्या नोंदीतून दोन माणसं पुन्हा सोडवायला सगळे संदर्भ नव्याने उघडावे लागतात.

९. क्रमांकाने पडताळा

माणूस ठरला की त्याचा क्रमांक टिपा. पाउली-विसोवा या जर्मन महाकोशात समनामींना अनुक्रमांक असतात, "डायोनिसियस" खाली पानंच्या पानं. ऑक्सफर्डचा ग्रीक व्यक्तिनामांचा कोश प्रदेशवार आहे, शिलालेखातल्या साध्या माणसांसाठी उत्तम. ग्रीक ग्रंथांच्या डिजिटल संग्रहात, म्हणजे टीएलजीमध्ये, प्रत्येक लेखकाला आकडा आहे: ऱ्होड्सचा अपोलोनियस ०००१, पर्गाचा ०५५०. ग्रीक चर्चपित्यांच्या ग्रंथांना "क्लाविस" सूचीचे क्रमांक आहेत, आणि स्यूडो नावाखालचे ग्रंथ तिथे वेगळे काढलेले असतात. नावाचं स्पेलिंग बदलतं, क्रमांक बदलत नाही.

१०. मराठीत लिहिताना

मराठीत एकच माणूस तीन वेशांत येतो. मराठी बायबलमध्ये याकोब, योहान, अंत्युखिया, कैसरीया; इंग्रजी वळणाच्या पुस्तकांत जेम्स, जॉन, अँटिऑक, सीझरिया; गोव्याच्या चर्चच्या कागदपत्रांत पोर्तुगीज वळणाने तियागो म्हणजे याकोब. शोध घेताना तिन्ही रूपं टाका, लिहिताना एकच ठेवा. बायबलमधल्या माणसांना बायबलचं रूप आणि इतरांना प्रचलित रूप, ही वाटणी वाचकाला सर्वांत कमी त्रास देते.

पहिल्या उल्लेखात गाव, काम आणि काळ द्या: "निकोमीडियाचा बिशप युसेबियस (मृत्यू ३४१)". पुढे त्याच लेखात दुसरा युसेबियस येणार नसेल तरच नुसतं नाव वापरा. येणार असेल तर दर वेळी गाव लावा. वाक्य थोडं लांबलं तरी चालेल. अवतरण देताना ग्रंथ, पुस्तक आणि परिच्छेदाचा आकडा द्या, पानाचा नको, कारण पान आवृत्तीगणिक बदलतं.

मजकूर पूर्ण झाल्यावर एक काम शेवटी करा: डायोनिसियस, अपोलोनियस, थिओडोरस, डेमेट्रियस, युसेबियस, ग्रेगरी, याकोब, योहान, मरीया ही नावं फाइलमध्ये एकेक शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी फक्त तेवढंच वाक्य वाचून माणूस कळतो का ते पाहा. कळत नसेल तिथे गाव लिहा.